शास्त्रज्ञ, अणुबॉम्ब आणि शांतता: नाशिककर आम्हाला नेहमी विचारतात ते प्रश्न

दरवर्षी ६ ऑगस्टला, म्हणजे हिरोशिमा दिनाला, आम्ही पंधरा-वीस जण गोदाकाठी जमतो, पोस्टर लावतो, दिवे लावतो. मी रिटायर्ड फिजिक्सची बाई, आमच्यात दोन डॉक्टर आहेत, एक बँकेतले काका आहेत आणि बाकी सगळी कॉलेजची पोरं. येणारे-जाणारे थांबतात, वाचतात, विचारतात, आणि गेली कित्येक वर्षं प्रश्न साधारण तेच असतात, घरी गेल्यावर व्हॉट्सॲपवरही तेच येतात. म्हणून म्हटलं एकदाच बसून सगळं लिहून काढू.

प्रश्न: अहो, पण बॉम्ब शास्त्रज्ञांनीच बनवला ना? मग आता त्यांनीच शांततेवर काय बोलायचं?

हो, त्यांनीच बनवला. सुरुवातीला भीती होती हिटलरची, जर्मनीच्या हातात बॉम्ब आधी पडला तर काय, म्हणून अमेरिकेत मॅनहॅटन प्रोजेक्ट उभा राहिला. पण बॉम्ब पडायच्या आधीच आतून विरोध सुरू झाला होता, हे फार थोड्यांना माहीत असतं. जून १९४५ मध्ये जेम्स फ्रँक आणि शिकागोमधल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी सरकारला रिपोर्ट दिला की हे अस्त्र न सांगता शहरावर टाकू नका, आधी ओसाड जागी जगाला दाखवा, नाहीतर शस्त्रांची शर्यत लागेल. जुलैमध्ये लिओ झिलार्ड यांनी अर्ज फिरवला, ७० जणांनी सह्या केल्या, पण बॉम्ब पडेपर्यंत तो अध्यक्ष ट्रुमन यांच्यापर्यंत पोचलाच नाही. वर्ष संपेपर्यंत हिरोशिमात साधारण १ लाख ४० हजार आणि नागासाकीत ७० हजारांच्या आसपास माणसं गेली होती.

आणि एक जण तर त्याआधीच काम सोडून निघून गेले होते, जोसेफ रोटब्लाट. यांच्याबद्दल मला नेहमीच थोडं जास्त बोलायचं असतं. मूळचे पोलंडचे, १९३९ मध्ये इंग्लंडात लिव्हरपूलला चॅडविक या नामवंत फिजिक्सवाल्यांकडे काम करायला आले, बायको टोला आजारी म्हणून मागे राहिली आणि तेवढ्यात युद्ध पेटलं, ती दोघं परत कधी भेटली नाहीत, नाझींच्या राज्यात ती गेली. म्हणजे जर्मनीचा राग धरायला या माणसाकडे इतर कुणापेक्षा जास्त कारण होतं. मॅनहॅटन प्रोजेक्टच्या लॉस अलामॉस इथल्या प्रयोगशाळेत ते बॉम्बवर काम करत होते ते जर्मनीच्या धाकाने, आणि १९४४ च्या शेवटी जर्मनीने बॉम्बचा नाद केव्हाच सोडलाय हे कळल्यावर त्यांनी सामान बांधलं. नैतिक कारणासाठी प्रोजेक्ट सोडणारे ते एकमेव शास्त्रज्ञ. रशियाचा हेर असल्याचा संशय घेतला गेला, का सोडतोय हे कुणाला सांगू नका अशी तंबी मिळाली. नंतर त्यांनी आपलं फिजिक्स दवाखान्याकडे वळवलं, रेडिएशनने जिवंत शरीराचं काय होतं यावर काम केलं, आणि पुढची साठ वर्षं, २००५ मध्ये जाईपर्यंत, बॉम्बच्या विरोधात उभे राहिले. तेव्हा त्यांनी काय बोलायचं असं कुणी म्हटलं की मला रोटब्लाट आठवतात, ज्याला आतून माहीत आहे त्याने नाही बोलायचं तर कुणी बोलायचं?

प्रश्न: आइनस्टाइनने मरायच्या आधी काहीतरी सही केली होती म्हणतात, ते काय?

ते खरं आहे. त्याच्या मागे एक मासेमारी बोट आहे. १ मार्च १९५४ ला अमेरिकेने पॅसिफिकमधल्या बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली, अपेक्षेपेक्षा कितीतरी मोठी झाली, १५ मेगाटन, म्हणजे हिरोशिमाच्या साधारण हजारपट. धोक्याच्या हद्दीबाहेर असलेल्या एका जपानी बोटीवर पांढरी राख पडायला लागली, २३ मच्छीमार होते, सगळे आजारी पडले, आणि बोटीवरचे रेडिओ ऑपरेटर कुबोयामा सप्टेंबरमध्ये वारले. रोटब्लाट यांनी त्या राखेच्या आकड्यांवरून हिशेब मांडून दाखवला की हा बॉम्ब सांगितला जातोय त्यापेक्षा खूप जास्त किरणोत्सर्ग पसरवणारा आहे.

त्यानंतर तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल यांनी एक निवेदन तयार केलं आणि आइनस्टाइनना पाठवलं. आइनस्टाइननी ११ एप्रिल १९५५ ला सही केली आणि १८ एप्रिलला ते गेले. रसेल विमानात होते तेव्हा ही बातमी आली, त्यांना वाटलं आता सगळं फिसकटलं, आणि पॅरिसला हॉटेलवर पोचले तर आइनस्टाइनचं सहीचं पत्र तिथे येऊन पडलेलं. ९ जुलै १९५५ ला लंडनला ते जाहीर झालं, एकूण ११ सह्या, त्यात जपानचे युकावा, पोलंडचे इन्फेल्ड, फ्रान्सचे कम्युनिस्ट जोलिओ-क्युरी, अमेरिकेचे पॉलिंग. म्हणजे राजकारणात ज्यांचं एकमेकांशी पटलं नसतं असे लोक एका कागदावर आले. सांगणं थोडक्यात असं की आम्ही या किंवा त्या देशाचे म्हणून बोलत नाही, माणूस म्हणून बोलतोय, तुम्हीही आपली माणुसकी आठवा आणि बाकीचं बाजूला ठेवा.

प्रश्न: पगवॉश म्हणजे काय? नाव विचित्र वाटतं.

कॅनडातल्या नोव्हा स्कोशिया प्रांतातलं समुद्रकाठचं एक छोटं गाव. रसेल-आइनस्टाइनच्या त्या निवेदनात म्हटलं होतं की शास्त्रज्ञांनी एकत्र बसून धोक्याचा अंदाज घ्यावा, म्हणून परिषद घ्यायची ठरली, आणि ती होणार होती आपल्या दिल्लीत! नेहरूंनी तयारी दाखवली होती, पण १९५६ मध्ये इजिप्तमधल्या सुएझ कालव्याचं प्रकरण पेटलं आणि दिल्ली राहिली. मग सायरस ईटन नावाच्या उद्योगपतींनी खर्च उचलला, अट एकच, माझ्या जन्मगावी या. जुलै १९५७ मध्ये १० देशांतले २२ जण तिथे जमले, अमेरिकेचे ७, सोव्हिएतचे ३, जपानचे ३, चीनचे सुद्धा एक. तेव्हापासून या सगळ्या चळवळीलाच पगवॉश म्हणतात. नाहीतर आज आपण तिला दिल्ली चळवळ म्हणत असतो, हा विचार मला दरवेळी येतो.

पद्धत साधी आहे. तुम्ही सरकारचे प्रतिनिधी म्हणून यायचं नाही, स्वतःच्या नावाने यायचं, पत्रकार आत नाहीत, आणि कोण काय बोललं हे बाहेर सांगायचं नाही. आपल्याकडे भावाभावांच्या वाटणीचं भांडण चार लोकांसमोर कधीच मिटत नाही, घरात दार लावून एखादा मामा मध्ये बसला तर काहीतरी सुटतं, तसंच समजा.

प्रश्न: पण असं बंद खोलीत बोलून झालं काय? मोठ्या देशांना जे करायचं ते ते करतातच.

हे मला तरुण मुलं जास्त विचारतात आणि त्यांच्या आवाजात जो कंटाळा असतो तो ऐकून मला वाईट वाटतं, म्हणून याचं उत्तर लांबलचक देते.

आधी दातांची गोष्ट. १९५० च्या दशकात उघड्या हवेत चाचण्या चालायच्या, त्यातून स्ट्रॉन्शियम-९० नावाचा किरणोत्सर्गी पदार्थ वाऱ्यावर पसरायचा. हा पदार्थ शरीराला कॅल्शियमसारखा वाटतो, म्हणजे तो गवतावर पडतो, गवत गाय खाते, दुधातून तो लेकरांच्या हाडात आणि दातात जाऊन बसतो. सरकार म्हणायचं काळजी करू नका. तेव्हा अमेरिकेत सेंट लुइस शहरात १९५८ पासून डॉक्टर, शास्त्रज्ञ आणि आयांनी मिळून मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा करायला सुरुवात केली, आपल्याकडे पडलेला दात उंदराच्या बिळात टाकायचे किंवा कौलावर फेकायचे ना, तिथे तो पाकिटात घालून पाठवायचा आणि मुलाला बदल्यात एक बिल्ला मिळायचा. तीन लाखांच्या आसपास दात जमले. आणि दिसलं काय, तर चाचण्या वाढल्या त्या काळात जन्मलेल्या मुलांच्या दातात हा पदार्थ आधीच्या मुलांपेक्षा कितीतरी पट जास्त. याच सुमारास लिनस पॉलिंग यांनी जगभरातल्या शास्त्रज्ञांच्या सह्या गोळा करून जानेवारी १९५८ मध्ये संयुक्त राष्ट्रांना दिल्या, ९ हजारांवर सह्या होत्या.

५ ऑगस्ट १९६३ ला मॉस्कोत करार झाला, हवेत, पाण्याखाली आणि अवकाशात चाचण्या बंद. आपण त्यावर सही केली. तो अमलात आला १० ऑक्टोबर १९६३ ला आणि त्याच दिवशी पॉलिंग यांना शांततेचं नोबेल जाहीर झालं. त्यानंतर हवेतला तो पदार्थ खरंच कमी होत गेला. एकट्या शास्त्रज्ञांमुळे करार झाला असं मी म्हणणार नाही, क्युबातल्या क्षेपणास्त्रांच्या संकटाने अमेरिका आणि सोव्हिएत या दोन्हींच्या नेत्यांना हादरवलं होतं, पण टेबलावर ठेवायला आकडे तयार होते ते यांच्यामुळे.

प्रश्न: मग जमिनीखालच्या चाचण्या का सुटल्या?

कारण विश्वास नव्हता. अमेरिका म्हणे आम्हाला वर्षाला ७ वेळा तुमच्याकडे येऊन तपासू द्या, सोव्हिएत म्हणे ३ च्या वर नाही, आणि तिथेच अडलं. मुद्दा असा होता की जमीन हलली ती भूकंपाने का स्फोटाने हे लांबून कळतं का?

इथे मला फळा-खडू पाहिजे होता. आपल्याकडे पेठ-सुरगाणा-कळवण भागात धक्का बसला की ‘मेरी’ या इथल्या संशोधन संस्थेतल्या भूकंपमापकावर नोंद झाली अशी बातमी पेपरात येते, तेच यंत्र इथे कामाला येतं. भूकंपात खडक एकमेकांवर घासून सरकतात, त्यातून आडव्या हलणाऱ्या आणि पृष्ठभागावरून पसरणाऱ्या लाटा जोरात निघतात. स्फोट मात्र सगळ्या बाजूंना एकदम ढकलतो, म्हणून पहिली दाबाची लाट ठळक आणि मागची त्या मानाने बारीक. आलेखाकडे बघून माहीतगार माणूस फरक सांगतो. पगवॉशच्या लोकांनी १९६२ मध्येच सुचवलं होतं की सीलबंद, बिनमाणसांची भूकंपमापक पेटी एकमेकांच्या देशात ठेवूया. तेव्हा झालं नाही.

पण १९८६ मध्ये झालं, आणि सरकारांनी नाही केलं! अमेरिकेतली एक स्वयंसेवी संस्था आणि सोव्हिएत विज्ञान अकादमी यांनी आपापसात करार केला आणि जुलैत अमेरिकन भूकंपतज्ज्ञ कझाकस्तानात सेमिपालातिन्स्कच्या चाचणी मैदानाजवळ जाऊन यंत्रं लावून बसले, शीतयुद्ध चालू असताना, जिथे त्याआधी परक्या माणसाला उभं करत नव्हते. पडताळणी शक्यच नाही असं जे वर्षानुवर्षं सांगितलं जायचं त्याला तिथे उत्तर मिळालं. पुढे १९९६ मध्ये सर्वंकष चाचणीबंदीचा करार तयार झाला, त्यासाठी जगभर ३३७ ठिकाणांचं जाळं ठरलं, ३२१ केंद्रं आणि १६ लॅब, कुठे जमीन ऐकतात, कुठे समुद्र, कुठे हवेतले कण धरतात. २००६ मध्ये उत्तर कोरियाने चाचणी केली ती अगदी छोटी, एक किलोटनच्याही आत, तरी पकडली गेली आणि दोन आठवड्यांनी तिच्यातून निघालेला किरणोत्सर्गी झेनॉन वायू कॅनडातल्या केंद्रात सापडला. हा करार आजही कायद्याने लागू झालेला नाही, भारताने त्यावर सही केलेली नाही, पण १९४५ पासून दोन हजारांवर स्फोट करणाऱ्या या जगात १९९८ नंतर फक्त उत्तर कोरियाने चाचण्या केल्यात, त्याही सहा. जे म्हणतात काही फरक पडत नाही त्यांनी हा आकडा जरा शांतपणे बघावा.

प्रश्न: तुम्ही सैन्याच्या विरोधात आहात का? पाकिस्तानकडे बॉम्ब आहे आणि आपण टाकून द्यायचा?

हा प्रश्न नाशिकमध्ये येणारच, ओझरला विमानांचा कारखाना, देवळालीला तोफखान्याचं केंद्र, प्रत्येकाच्या नात्यात कोणीतरी तिकडे आहे. माझा सख्खा भाऊ ओझरला नोकरीला होता, त्याच्या पगारावर आमचं शिक्षण झालं. सैनिकाचा मान आणि अणुबॉम्बला विरोध या दोन गोष्टी माझ्या घरात एकाच ताटात जेवल्यात.

एकट्या भारताने उद्या सगळं टाकून द्यावं असं मी म्हणत नाही. भारताची तक्रारही खरी आहे, १९६८ च्या अण्वस्त्र प्रसारबंदी करारात १ जानेवारी १९६७ च्या आधी ज्यांनी स्फोट केले तेवढेच पाच देश अण्वस्त्रवाले मानले, बाकीच्यांनी हात लावायचा नाही, आणि त्या पाचांनी स्वतःचे बॉम्ब संपवायचं वचन मात्र अजून पुरं केलेलं नाही. पण हेही लक्षात घ्या की २ एप्रिल १९५४ ला चाचण्या थांबवा असं लोकसभेत नेहरू बोलले होते, १९८८ मध्ये राजीव गांधींनी २०१० पर्यंत टप्प्याटप्प्याने सगळीच अण्वस्त्रं संपवायचा आराखडा संयुक्त राष्ट्रांत मांडला होता, आणि आपण आधी वापरणार नाही हे आपलं जाहीर धोरण आहे. म्हणजे निःशस्त्रीकरण मागणं ही बाहेरून आलेली फॅशन नाही हो, ती या देशाचीच जुनी मागणी आहे.

आणि पाकिस्तानबद्दल एक सांगते. दोघांनी ३१ डिसेंबर १९८८ ला करार केला की एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही, आणि १९९२ पासून दर १ जानेवारीला दोन्ही देश आपापल्या केंद्रांची यादी एकमेकांना देतात. कारगिलनंतरही दिली, मुंबईवरच्या हल्ल्यानंतरही दिली. इतक्या कडवटपणातसुद्धा एक दार उघडं राहू शकतं, मला तशी आणखी चार दारं हवी आहेत, एवढंच.

प्रश्न: समजा युद्ध झालंच तर नाशिकवर थोडाच बॉम्ब पडणार आहे?

पडायची गरजच नाही. १९८३ मध्ये खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गणित मांडलं की शहरं जळाली की काजळी वर स्ट्रॅटोस्फिअरमध्ये, म्हणजे ढगांच्याही वरच्या थरात जाते, तिथे पाऊस नाही, म्हणून ती धुतली जात नाही, वर्षानुवर्षं ऊन अडवते आणि खाली थंडी पडते. सोव्हिएत शास्त्रज्ञांनी आपल्या कॉम्प्युटरवर वेगळं गणित केलं, उत्तर त्याच दिशेचं आलं. नंतर भारत-पाकिस्तान युद्धाचा हिशेबही मांडला गेला, २०२२ च्या एका अभ्यासात असं आलं की अशा युद्धानंतर पिकं बुडून जगभरात २०० कोटींहून जास्त माणसं उपासमारीने मरू शकतात आणि अमेरिका-रशिया युद्धात ५०० कोटींहून जास्त. हे मॉडेलचे आकडे आहेत, किती काजळी वर जाईल यावर वाद आहेत. पण निफाड-दिंडोरीच्या शेतकऱ्याला थंडीचा अर्थ मी काय सांगू, पारा चार-पाचवर आला की रात्रभर बागेत शेकोट्या पेटवून द्राक्षं वाचवणारी माणसं ती, त्यांना हे एका वाक्यात कळतं, पाऊस नाही, ऊन नाही, आणि हे एका रात्रीचं नाही तर काही वर्षांचं.

प्रश्न: म्हणजे तुम्हाला अणू म्हटलं की नकोच?

असं अजिबात नाही. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राचं ‘कृषक’ नावाचं शेतमालाला किरण देणारं केंद्र आहे, २००२ पासून, तिथे कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांनी कांद्याला कोंब येणं थांबवतात, २००७ पासून तिथून आंबाही अमेरिकेला जायला लागला. कॅन्सरच्या पेशंटला रेडिएशन देतात तेही यातलंच. आमच्या ग्रुपमध्ये अणुवीज हवी का नको यावर मतभेद आहेत आणि ते आम्ही ठेवलेत. बॉम्बवर मतभेद नाहीत.

प्रश्न: आपल्या लोकांपैकी कुणी यात होतं का?

होतं की. दामोदर धर्मानंद कोसंबी, गणितज्ञ, इतिहासकार, पुण्याहून डेक्कन क्वीनने मुंबईला टाटा इन्स्टिट्यूटमध्ये जायचे, ते जागतिक शांतता चळवळीत मनापासून होते, आणि त्या काळात सगळे अणूच्या मागे धावत असताना ते म्हणायचे की या देशाला सूर्य परवडेल. भौतिकशास्त्रज्ञ डी. एस. कोठारी यांनी नेहरूंच्या सांगण्यावरून अणुस्फोटांच्या परिणामांवर पुस्तक तयार केलं, १९५६ मध्ये सरकारनेच ते छापलं. पगवॉशची परिषद १९६४ मध्ये उदयपूरला आणि १९७६ मध्ये मद्रासला झाली, विक्रम साराभाई त्या चळवळीत होते, आणि एम. एस. स्वामिनाथन तर २००२ पासून पाच वर्षं पगवॉशचे अध्यक्ष होते. भाताच्या वाणांवर काम करणारा माणूस अण्वस्त्रविरोधी संघटनेचा अध्यक्ष कसा, असं एका मुलाने विचारलं होतं. मी म्हटलं, वरचं काजळीचं उत्तर परत वाच.

प्रश्न: आता जगात किती बॉम्ब आहेत?

१९८० च्या दशकात ७० हजारांच्या आसपास गेले होते, आता साधारण १२ हजार, त्यातले जवळजवळ नव्वद टक्के अमेरिका आणि रशियाकडे. भारताकडे आणि पाकिस्तानकडे प्रत्येकी १७०-१८० च्या घरात. कमी झालेत हे खरं, पण आता घट मंदावलीय आणि जुने करार एकामागून एक गळून पडतायत, म्हणून आम्ही अजून पोस्टर लावतो.

प्रश्न: ते प्रलयाचं घड्याळ काय आहे? खरंच मोजतात का?

मॅनहॅटन प्रोजेक्टमधून बाहेर पडलेल्या शास्त्रज्ञांनी १९४५ मध्ये एक पत्रिका काढली, तिच्या मुखपृष्ठावर १९४७ मध्ये हे घड्याळ आलं, रात्रीचे बारा म्हणजे विनाश. तेव्हा सात मिनिटं कमी होती, शीतयुद्ध संपलं तेव्हा १९९१ मध्ये सतरा, आणि जानेवारी २०२५ मध्ये फक्त ८९ सेकंद. आपण पुराच्या वेळी दुतोंड्या मारुतीकडे बघतो ना, गुडघ्याला लागलं, छातीला लागलं, तशी ही खूण. फरक एवढा की मारुतीपाशी पाणी खरंच दिसतं आणि घड्याळाचा काटा तज्ज्ञ चर्चा करून ठरवतात, त्यामुळे सेकंदांवर वाद घालू नका, काटा कुठल्या बाजूला चाललाय ते बघा.

प्रश्न: आम्ही विद्यार्थी काय करू शकतो? आम्हाला कोण विचारतं?

सेंट लुइसच्या पोरांना पण कुणी विचारत नव्हतं, त्यांनी दात दिले. पगवॉशची तरुणांसाठी वेगळी शाखा आहे, माहिती काढा. मेडिकलला असाल तर डॉक्टरांची संघटना आहे, अमेरिकेचे बर्नार्ड लाऊन आणि सोव्हिएतचे चाझोव्ह या दोन हृदयरोगतज्ज्ञांनी १९८० मध्ये उभी केलेली, तिला १९८५ चं नोबेल मिळालं. जुलै २०१७ मध्ये संयुक्त राष्ट्रांत १२२ देशांनी अण्वस्त्रबंदीच्या कराराला मत दिलं, २२ जानेवारी २०२१ पासून तो लागू आहे, तो वाचा, भारत त्यात का नाही हे दोन्ही बाजूंनी समजून घ्या आणि मग वाद घाला. इंजिनिअरिंगवाल्यांनो, नोकरी घेताना आपण जे बनवणार ते कशाला वापरलं जाणार हे एकदा तरी विचारा, उत्तर काहीही येवो.

प्रश्न: ६ ऑगस्टला पाऊस असला तर कार्यक्रम होतो का?

होतो. गंगापूर धरणातून पाणी सोडलं असेल आणि रामकुंडाकडे जायला मनाई असेल तर आम्ही खाली उतरत नाही, वरच्या बाजूला एखाद्या आडोशाला दिवे लावतो. नदीत काही सोडत नाही, पणत्या परत घरी नेतो. गेल्या वेळी पावसाने पोस्टरची शाई ओघळली तेव्हा एक आजी त्यांच्या नातीला घेऊन थांबल्या, त्या बोटीवरच्या २३ मच्छीमारांचं वाचायचं होतं त्यांना, अक्षरं दिसेनात, मग मी तोंडी सांगितलं आणि नातीने विचारलं की बाकीच्या बावीस जणांचं पुढे काय झालं. यंदा त्यासाठी वेगळं पोस्टर करतोय, प्लॅस्टिकमध्ये घालून.